भिंतीला पाठ लावून दोन मिनिटं

(नागपुरात तरुण कार्यकर्ते आणि वस्तीतल्या महिलांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर बसलेल्या अम्मी, खाला, आपा आणि माझ्या बरोबरीच्या भावंडांनो,

मी डॉक्टर नाही, हे सुरुवातीलाच सांगते. मी इंजिनिअरिंग शिकले आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करते. औषध कोणतं घ्यावं, किती घ्यावं, हे मी सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. पण रक्तदाबाचा विषय माझ्या शिक्षणाच्या जवळचा आहे. शरीर रक्तदाब कसा सांभाळतं हे वाचायला लागले तेव्हा मला ते एखाद्या कंट्रोल सिस्टिमच्या धड्यासारखंच वाटलं. सेन्सर आहेत, सिग्नल आहेत, एक ठरलेली पातळी आहे आणि ती सांभाळण्याची चोवीस तासांची धडपड आहे. आज त्यातल्या एका भागाबद्दल बोलायचं आहे: न हलता केलेला व्यायाम, आणि त्याचा बायकांच्या हृदयावर व रक्तदाबावर होणारा परिणाम.

हा विषय का निवडला ते सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २१.३ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्या त्यासाठी गोळी घेत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण २४ टक्के होतं. म्हणजे बायका फार मागे नाहीत. या खोलीत पाच बायका एका ओळीत बसल्या असतील, तर हिशेबाने त्यातल्या एकीचा हा प्रश्न आहे. आणि बीपी दुखत नाही. डोकं दुखेल, चक्कर येईल, मग तपासू, असं आपण म्हणतो. बहुतेकांना काहीच होत नाही. एक दिवस थेट पक्षाघात होतो, नाहीतर मूत्रपिंडाचा रिपोर्ट हातात येतो.

## "चालायला जा" म्हणणं सोपं आहे

डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण मोमीनपुऱ्यात, टेका भागात किंवा कामठीच्या गल्लीत राहणारी पन्नाशीची बाई चालणार कुठे आणि कधी? सकाळी फजरनंतर डबे, शाळा, पाणी. दुपारी स्वयंपाक आणि शिवणकाम. संध्याकाळी गल्लीत दुचाक्या आणि हातगाड्या. बाग असली तर लांब. जवळ असली तर तिथे बाकावर कोण बसलंय ते आधी पाहावं लागतं. त्यात आपलं नागपूर. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या बाईला बाहेर चालायला पाठवणं धोक्याचंच.

मग तीच बाई पुढच्या तपासणीला जाते, डॉक्टर विचारतात, "चालता का?" ती मान खाली घालते. तिच्यात आळस आहे असा निष्कर्ष निघतो. मला हा निष्कर्ष मान्य नाही. तिला दिलेला सल्ला तिच्या घराच्या मापाचा नव्हता, एवढंच.

म्हणून घराच्या मापाचा काही व्यायाम आहे का, हे शोधताना आयसोमेट्रिक व्यायामाकडे लक्ष गेलं.

## न हलणारा व्यायाम

आयसोमेट्रिक म्हणजे स्नायू ताणलेला आहे, जोर लावतो आहे, पण सांधा हलत नाही. भरलेली बादली हातात धरून तुम्ही नुसत्या उभ्या आहात, तेव्हा मनगट आणि दंडाचे स्नायू आयसोमेट्रिक काम करत असतात. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण फिरत नाही आणि तुम्ही जोर लावत राहता, तेव्हाही तेच. गृहपाठ केला नाही की शाळेत काही सर भिंतीला पाठ टेकवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायला लावायचे. मांड्या थरथरायच्या. आज संशोधनात वॉल स्क्वॉट नावाने जे येतं ते हेच. परवा घरात हे करून दाखवलं तर माझी खाला म्हणाली, "ये तो सज़ा है!" खरं आहे. फरक इतकाच, की सजा दम निघेपर्यंत असायची. इथे घड्याळ आपल्या हातात असतं.

दुसरा प्रकार मुठीचा. हातात एक उपकरण किंवा मऊ चेंडू धरायचा, आणि आपल्या पूर्ण ताकदीच्या साधारण ३० टक्के जोराने दोन मिनिटं दाबून ठेवायचा.

आता गंमत ऐका. कित्येक वर्षं बीपीच्या रुग्णांना डॉक्टर सांगत, असा व्यायाम करू नका. कारण स्नायू ताणून धरला की त्या क्षणी रक्तदाब वर जातो, कधीकधी बराच. ज्याने दाब वाढतो त्यानेच तो उतरतो कसा? हे समजून घेतलं तर पुढची काळजी का घ्यायची तेही आपोआप समजेल.

## आत काय घडतं

दोन आकडे लक्षात ठेवा. वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब. खालचा म्हणजे हृदय सैल होऊन भरत असतं तेव्हाचा. हा दाब दोन गोष्टींवर ठरतो: हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकतं, आणि लहान रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत. नळ आणि पाइप समजा. नळ जास्त सोडला तरी दाब वाढतो, पाइपचं तोंड बोटाने दाबलं तरी वाढतो.

हा दाब मोजणारे सेन्सर मानेतल्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत असतात. दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते आणि मेंदूच्या खालच्या भागाला संदेश जातो. तिथून हृदयाला हळू हो आणि वाहिन्यांना सैल व्हा असा हुकूम सुटतो. आपण झोपेतून उठून पटकन उभे राहतो तेव्हा चक्कर येऊन पडत नाही, ती या यंत्रणेची कृपा.

आता तुम्ही भिंतीला टेकून बसलात. पहिल्या काही क्षणांतच नाडी वाढते, स्नायूने अजून तक्रारही केलेली नसते तेव्हा. कारण मेंदूने मांड्यांना "ताण" सांगतानाच हृदयालाही खबर दिलेली असते. आमच्या कामात दहावीच्या निकालाच्या दिवशी साइटवर गर्दी होणार हे माहीत असतं, म्हणून सर्व्हर आदल्या रात्रीच वाढवून ठेवतात. तसंच हे.

मग दुसरी गोष्ट सुरू होते. ताणलेला स्नायू स्वतःमधल्याच रक्तवाहिन्या दाबतो. रक्त नीट पोहोचत नाही, कामातून निघालेला कचरा साचतो आणि स्नायूतल्या बारीक मज्जातंतू मेंदूकडे ओरड करतात. मेंदू उत्तर म्हणून शरीराच्या इतर भागांतल्या वाहिन्या आवळतो आणि दाब वाढवतो, म्हणजे त्या अडलेल्या स्नायूपर्यंत रक्त रेटता येईल.

ही गोष्ट स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग १९३७ साली प्रसिद्ध झाला. तो काहिरात, म्हणजे कैरोत, एम. आलम आणि एफ. एच. स्मर्क या दोघांनी केला होता. त्यांनी अवयवाभोवती पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवला आणि स्नायूंना काम करायला लावलं. दाब चढला. काम थांबवलं तरी पट्टा आवळलेला असेपर्यंत दाब चढलेलाच राहिला. पट्टा सोडला, साचलेलं वाहून गेलं, आणि दाब उतरला. म्हणजे संदेश स्नायूतूनच येत होता. व्यायाम आणि रक्तदाबावरच्या आजच्या कामातही या प्रयोगाचा उल्लेख होतो. आणि त्याच शहरात तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी रक्त हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसांमार्गे डाव्या बाजूला जातं, हे लिहून ठेवलं होतं. आपल्या मुलांना हे ठाऊक असावं म्हणून सांगितलं.

आता सर्वांत महत्त्वाचा क्षण. दोन मिनिटं संपतात, तुम्ही उभ्या राहता. दाबून धरलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात आणि रक्त जोरात आत धावतं. ते धावणारं रक्त वाहिनीच्या आतल्या अस्तरावर घासतं. त्या घासण्याला उत्तर म्हणून अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, आणि वाहिनी सैल होते. याच वायूच्या शोधाला १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आवळा, सोडा, आवळा, सोडा, असं आठवड्यातून तीनदा, काही आठवडे केलं की अस्तर सुधारतं आणि वाहिन्यांचा कायमचा आवळलेपणा कमी होतो. वाहिन्यांना आवळायला लावणाऱ्या मज्जासंस्थेचा जोरही उतरतो असं काही प्रयोगांत दिसलं आहे. यातल्या कशाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा आहे. पण परिणाम मोजता येतो, आणि तो आराम करतानाच्या बीपीत दिसतो.

## आकडे काय सांगतात

१९९२ मध्ये अमेरिकेत रोनाल्ड वायली आणि सहकाऱ्यांनी मुठीच्या व्यायामाने काही आठवड्यांत आरामातला रक्तदाब उतरतो हे दाखवलं. २०१३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने औषधाला जोड म्हणून या व्यायामाला जपून मान्यता दिली. २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत त्याची मात्राही आली: दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, ८ ते १० आठवडे.

मग २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी २७० प्रयोग एकत्र करून तपासले. त्यात १५,८२७ माणसं होती. चालणं-धावणं यांसारख्या व्यायामाने वरचा आकडा सरासरी ४.४९ ने उतरला, वजनं उचलण्याने ४.५५ ने, दोन्ही मिळून ६.०४ ने. आयसोमेट्रिक व्यायामाने ८.२४ ने, आणि खालचा आकडा ४ ने. वरचा आकडा उतरवण्यात भिंतीचा व्यायाम सर्वांत पुढे होता.

८ म्हणजे किती? औषधांच्या मोठ्या प्रयोगांत वरचा आकडा ५ ने उतरला की हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना साधारण १० टक्क्यांनी कमी झाल्या. तेव्हा ८ हा आकडा लहान नाही.

पण आकड्यांशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून एक इशारा देते. आयसोमेट्रिकचे बरेच प्रयोग लहान आहेत आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. हा व्यायाम करणाऱ्यांना दहा वर्षांनी हार्ट अटॅक कमी आले का, हे या प्रयोगांतून मोजलेलं नाही. मोजलं ते बीपी. आणि चालण्याचे इतर फायदे आहेत: साखर, दमश्वास, मन. म्हणून ज्यांना चालता येतं त्यांनी चालणं सोडू नये. हा व्यायाम ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी दार आहे, आणि चालणाऱ्यांसाठी जोड.

## बाईचं शरीर वेगळं वागतं

या क्षेत्रातले बरेच जुने प्रयोग तरुण पुरुषांवर झाले. मुठी आवळायला बहुतेक वेळा पुरुषच होते. बायकांवर स्वतंत्र काम सुरू झालं तेव्हा काही फरक समोर आले.

पहिला फरक: तरुण बाई आणि तरुण पुरुष, दोघांनी आपापल्या ताकदीच्या तितक्याच टक्क्यांनी मूठ आवळली, तर सरासरीने बाईचा दाब कमी चढतो. स्नायूतून जाणारी ती ओरड आणि तिला मिळणारं मज्जासंस्थेचं उत्तर, दोन्ही तिच्यात सौम्य असतं.

दुसरा: कमी जोराचा ताण बायका जास्त वेळ धरून ठेवतात. एक कारण असं, की एकूण जोर कमी असल्याने स्नायू स्वतःच्या वाहिन्या तितक्या दाबत नाही आणि रक्त येत राहतं. घरी भाऊ-बहिणीची भिंतीवरची शर्यत लावली आणि बहीण जिंकली, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

तिसरा फरक मला सर्वांत विलक्षण वाटतो. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी तो दाखवला. आपलं नागपूरचं मेयो नव्हे, अमेरिकेतलं. तरुण पुरुषांत मज्जातंतूंचा "आवळा" हा संदेश जितका जास्त, तितक्या वाहिन्या आवळलेल्या. तरुण बायकांत असा सरळ संबंध दिसला नाही. आवळण्याचा संदेश येतो तेव्हाच सैल करणारी दुसरी व्यवस्थाही काम करत असते आणि हिशेब बरोबरीत सुटतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा यात हात आहे. ते वाहिनीच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायलाही मदत करतं.

आणि मग पाळी जाते. आपल्या देशात ती सरासरी छेचाळिशीच्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधी. इस्ट्रोजेन ओसरतं, ती ढाल निघते. आता मज्जातंतूंचा संदेश थेट वाहिन्यांवर पोहोचतो, ताण घेतला की दाबही जास्त चढतो, आणि वयाबरोबर बाईचं बीपी पुरुषाच्या बीपीपेक्षा जास्त वेगाने वर जातं. चाळिशीपर्यंत ११० असणारी अम्मी पन्नाशीत १५० कशी झाली, याचं कोडं आपल्याला पडतं. "टेन्शन घेते" म्हणून आपण तो विषय बंद करतो. टेन्शन असेलही, पण तिच्या रक्तवाहिन्यांत खरोखर बदल झालेला असतो.

मग व्यायामाचा फायदा बायकांना होतो का? होतो. कॅनडात तरुण, निरोगी बायकांवर आठ आठवड्यांचा मुठीचा प्रयोग झाला. एका गटाने आठवड्यातून तीन दिवस केला, दुसऱ्याने पाच दिवस. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांचा वरचा आकडा जवळपास सारखाच उतरला. पाच दिवसवाल्यांचा थोडा लवकर. म्हणजे तीन दिवस पुरतात. उरलेले दिवस शिल्लक आहेत, हे आपल्या घरांतल्या बायकांसाठी महत्त्वाचं.

## "आम्ही दिवसभर तेच तर करतो"

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि रास्त आहे. पाण्याच्या बादल्या, लेकराला कडेवर घेणं, कणीक मळणं, बिर्याणीची देगची उतरवणं. हा व्यायाम नाही का? स्नायू ताणले जातात, हे खरं. पण व्यायामात मात्रा ठरलेली असते: किती जोर, किती वेळ, मध्ये किती विश्रांती. देगची उचलताना आपण श्वास कोंडतो, एका झटक्यात पूर्ण जोर लावतो आणि विश्रांती न घेता पुढच्या कामाला लागतो. दाब चढवणारा भाग सगळा घडतो. शांतपणे सोडण्याचा भाग राहून जातो. घरकामाने थकवा येतो, आणि थकवा म्हणजे व्यायाम झाला असं नव्हे.

नमाजचंही काही जण विचारतात. नमाज इबादत आहे. तिला बीपीचा उपाय म्हणून मोजू नये. उठण्या-बसण्याने शरीर मोकळं राहतं ही चांगलीच गोष्ट, पण रुकू किंवा कयाममध्ये मांड्यांवर या प्रयोगांइतका ताण येत नाही. दोन्हीची जागा वेगळी ठेवू या.

## करायचं कसं

आधी मोजा. सुरुवातीचं बीपी माहीत नसेल तर पुढे काय फरक पडला हे कळणार नाही, आणि धोका आहे का तेही कळणार नाही.

भिंत गुळगुळीत हवी, पाय घसरणार नाहीत अशी फरशी हवी. चप्पल रबरी असेल तर घाला, मोजे काढा. पाठ भिंतीला लावा, पावलं खांद्यांइतकी लांब ठेवून दीड-दोन फूट पुढे न्या, आणि हळूहळू खाली सरका. अगदी खुर्चीइतकं खाली जायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात थोडंसंच खाली जा. दहापैकी चार-पाच इतकी मेहनत वाटली पाहिजे. शेवटच्या फेरीत सात वाटली तरी चालेल. दहा वाटत असेल तर वर सरका. साडी किंवा बुरखा पायात येत असेल तर घरातल्या सलवारीवर करा.

दोन मिनिटं धरा, दोन मिनिटं बसून आराम. अशा चार फेऱ्या. एकूण १४ मिनिटं. आठवड्याला तीन दिवस म्हणजे ४२ मिनिटं. सुरुवातीला तीस सेकंदच जमली तर तीसच करा आणि दर आठवड्याला वाढवा.

एक नियम मोडायचा नाही: श्वास कोंडायचा नाही. श्वास रोखून जोर लावला की दाब एकदम उसळतो. म्हणून धरलेल्या वेळात मोठ्याने आकडे मोजा, किंवा शेजारी बसलेल्या मुलीशी बोला. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर जोर जास्त होतोय.

गुडघे साथ देत नसतील तर मुठीचा प्रकार करा. मऊ चेंडू किंवा गुंडाळलेला टॉवेल घ्या. पूर्ण जोराने एकदा दाबून पाहा, मग त्याच्या एक-तृतीयांश जोराने दोन मिनिटं धरा. एक हात, मग दुसरा, अशा चार फेऱ्या.

आता कोणी करू नये. ज्यांचं बीपी १८० किंवा खालचं ११० च्या वर आहे, छातीत दुखतं, हल्ली हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला आहे, डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा नुकतंच ऑपरेशन झालं आहे, हर्निया आहे, धमनी फुगल्याचं सांगितलं आहे, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरू करू नये. करताना छातीत दडपण, अंधारी, डोकं जोरात दुखणं असं काही झालं तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

आणि गोळी बंद करायची नाही. बारा आठवड्यांनी आकडे चांगले आले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्रा कमी करायची की नाही ते ठरवतील. रमजानमध्ये गोळीची वेळ रमजान लागण्याआधीच विचारून घ्या, आणि व्यायाम इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, पाणी पिऊन करा. मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद असलेल्या खोलीत करू नका.

## मोजायचं कसं

चुकीचं मोजलेलं बीपी दहा-पंधराने इकडे-तिकडे होऊ शकतं. मग ८ चा फरक दिसणार कसा? मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. दोनदा मोजा, दोन्ही लिहा.

आपल्या बायकांसाठी एक खास गोष्ट. पट्टा उघड्या दंडावर लागला पाहिजे. जाड बाहीवरून मोजलं किंवा घट्ट बाही वर गुंडाळून दंड आवळला, तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. दवाखान्यात संकोच वाटतो, म्हणून कित्येक जणी बुरख्यावरूनच मोजून घेतात. नर्सबाईंना सांगा, पडद्याआड मोजा म्हणा. हा तुमचा हक्क आहे. जमलं तर चार-पाच घरांनी मिळून एक डिजिटल यंत्र घ्या. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो.

## शेजारच्या जिल्ह्यांतून शिकण्यासारखं

हे सगळं एकेका घराने एकट्याने करावं असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक सरकारी उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपले शेजारी वर्धा आणि भंडारा होते. सोबत सातारा आणि सिंधुदुर्ग. तिथे काही अद्भुत यंत्रं आणली नाहीत. ठरलेली मोजकी औषधं, ती घराजवळच्या केंद्रात नियमित मिळण्याची व्यवस्था, नर्सकडून मोजणी, आणि जो रुग्ण तारखेला आला नाही त्याची चौकशी. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्यात बऱ्याच ठिकाणी 'सिंपल' नावाचं ॲप वापरलं गेलं. ते ओपन सोर्स आहे, आणि त्याचं मुख्य काम दोनच: आकडा नोंदवणं, आणि कोण आलं नाही त्याची यादी दाखवणं. मला यात फार मोठी शिकवण दिसते. बीपीचा माणूस औषधाअभावी जितका मागे पडतो, तितकाच तो "कोणी विचारलंच नाही" म्हणूनही मागे पडतो.

विचारण्याचं काम तरुण मुलं-मुली करू शकतात. तुमच्याकडे फोन आहे, स्प्रेडशीट आहे, वेळही आहे. दहा घरं घ्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईचं बीपी या महिन्यात एकदा मोजलं जाईल एवढं पाहा. १४० किंवा ९० च्या वर आलं तर सरकारी दवाखान्यात सोबत जा. तपासणी तिथे मोफत आहे. ज्यांना डॉक्टर हो म्हणतील त्यांच्यासाठी आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या वेळी, एका घरात जमा. मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर लावा. बायका एकत्र असल्या की दोन मिनिटं गप्पांत निघून जातात, आणि श्वास कोंडला जात नाही हा वेगळा फायदा. भावांनो, तेवढा वेळ चुलीवरचं दूध तुम्ही बघा. अम्मीला १४ मिनिटं मिळावीत म्हणून घरात कोणाला तरी १४ मिनिटं द्यावी लागतील. ती आपोआप येणार नाहीत.

आणि एक विनंती मुलींना. एखाद्या मेडिकल कॉलेजने बायकांवरच्या अभ्यासासाठी बोलावलं, तर आधी सगळं नीट विचारून घ्या, संमतीपत्र वाचा, आणि पटलं तर नाव द्या. विदर्भातल्या, चाळीस-पन्नाशीतल्या, घरात बसून शिवणकाम करणाऱ्या बाईचं शरीर या व्यायामाला कसं उत्तर देतं, हे कोणी तिला मोजल्याशिवाय कळणार नाही. परदेशातल्या सरासरीत ती नाही.

या आठवड्यात एकच काम करा: घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं बीपी, बाही सैल करून, पाच मिनिटं बसवून, दोनदा मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. पुढचं त्या आकड्यावरून ठरवू.